निजामाचं इमान

आमच्या हदगावकडं म्हातारी माणसं विमानाला 'इमान' म्हणतात. त्यामुळे गेल्या मे महिन्यात मी वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आलो, माडीवर टेबल लावून प्लास्टिकचं स्पिटफायर जोडायला बसलो, तेव्हा आबांनी दारातूनच विचारलं, "काय करालास रे बाबू?"

"विमान बनवतोय, आबा. दुसऱ्या महायुद्धातलं."

"कोणाचं इमान?"

"इंग्रजांचं." मग जरा थांबून म्हणालो, "म्हणजे तसं बघितलं तर निजामाचं."

निजाम म्हटल्यावर आबा आत आले आणि खुर्ची ओढून बसले. पुढचे तीन आठवडे ते रोज संध्याकाळी येऊन बसायचे. माझं लॅपटॉपवरचं काम संपलं की विमानाचं काम सुरू. हा लेख त्या विमानाबद्दल आहे. आणि त्याचं बिल कोणी भरलं, याबद्दल.

विमान कोणाचं, हे आधी ठरवा

ज्यांनी कधी हा उद्योग केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग येतात. या चौकटींना स्प्रू म्हणतात. त्यातून एकेक भाग कापायचा, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, गोंदाने जोडायचा, फटीत पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं, मग प्रायमर, मग रंग. माझं मॉडेल १:७२ प्रमाणातलं. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांची रुंदी ११.२३ मीटर, माझ्या मॉडेलची साडेपंधरा सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाईलएवढी.

यातली गंमत अशी की रंगाची बाटली उघडायच्या आधी हे विमान नेमकं कोणत्या स्क्वाड्रनचं, कोणत्या वर्षीचं, हे ठरवावं लागतं. स्क्वाड्रन म्हणजे वायुसेनेची तुकडी. १९४० च्या उन्हाळ्यातलं स्पिटफायर आणि १९४४ मधलं ब्रह्मदेशातलं स्पिटफायर यांचे रंग वेगळे, शेपटीजवळची अक्षरं वेगळी, पंखांवरची गोल चिन्हंसुद्धा वेगळी. ब्रह्मदेशात तर त्या गोलातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरही लाल गोल असायचा आणि घाईत आपलाच माणूस आपल्याला पाडायचा.

तर मी ब्रिटिश वायुसेनेच्या, म्हणजे आरएएफच्या स्क्वाड्रनची यादी चाळत होतो. १२२ (बॉम्बे). १२४ (बडोदा). १२९ (म्हैसूर). १३२ (सिटी ऑफ बॉम्बे). ज्या वसाहतींनी किंवा संस्थानांनी पैसे दिले त्यांची नावं तुकड्यांना देण्याची पद्धत होती. अशा तुकड्यांना 'गिफ्ट स्क्वाड्रन' म्हणायचे. आणि त्याच यादीत एक नव्हे, तीन ठिकाणी एकच नाव: ११० (हैदराबाद), १५२ (हैदराबाद), २५३ (हैदराबाद स्टेट).

हदगाव तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या नांदेड जिल्ह्याचा तालुका होता. उत्तरेला पैनगंगा, नदीपलीकडं वऱ्हाड, तिथं इंग्रजी अंमल. अलीकडं निजामाचा. म्हणजे बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये हिटलरच्या विमानांशी लढलेल्या दोन तुकड्या आमच्या संस्थानाच्या नावाच्या होत्या! मी शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम पाठ केला, इंजिनिअरिंगच्या काळात नेटवर महायुद्धाचे तासन् तास व्हिडिओ पाहिले, पण या दोन गोष्टी कुठेतरी एकमेकींना भेटतात हे कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर छाती जरा फुगली. ठरलं, १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन.

आधी एक कापडी विमान

या देणग्यांची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. १९१८ मध्ये ११० स्क्वाड्रनला डीएच ९-ए ही नवी बॉम्बफेकी विमानं मिळाली. लाकडी सांगाडा, वर कापड, पुढे ४०० अश्वशक्तीचं अमेरिकन लिबर्टी इंजिन. या विमानांचे पैसे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिले होते, आणि प्रत्येक विमानाच्या अंगावर तसं लिहिलेलं होतं.

सप्टेंबर १९१८ मध्ये ही तुकडी फ्रान्समध्ये उतरली आणि जर्मन शहरांवर दिवसाढवळ्या बॉम्ब टाकू लागली. नोव्हेंबरात युद्ध संपलं. मधल्या जेमतेम अडीच महिन्यांत तिची १७ विमानं शत्रूच्या हद्दीत गेली आणि २८ अपघातांत मोडली.

त्यातलंच एक, क्रमांक एफ १०१०. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी ते जर्मन हद्दीत उतरलं. वैमानिक इंग्लिस आणि त्याचा साथीदार बॉडली कैद झाले, विमान जर्मनांच्या हाती लागलं. त्यांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा बरीच विमानं पूर्वेला हलवली, आणि युद्धानंतर हे पोलंडच्या क्राकोवमध्ये सापडलं. १९७७ मध्ये ब्रिटिशांनी ते परत मिळवलं. बदल्यात पोलंडला काय दिलं? एक स्पिटफायर.

आज ते लंडनच्या हेंडन भागातल्या आरएएफ संग्रहालयात आहे. त्याच्यावर इंग्रजीत लिहिलंय की हे विमान हिज हायनेस निजाम ऑफ हैदराबाद यांनी भेट दिलं, 'हैदराबाद क्रमांक १२ ए'.

मी मोबाईलवर त्याचा फोटो आबांना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला (हे त्यांना नातवंडांनी शिकवलंय) आणि म्हणाले, "नाव निजामाचंच हाय व्हय खाली?"

इमानी दोस्त

१५२ स्क्वाड्रन ऑक्टोबर १९३९ मध्ये नव्याने उभी राहिली. आधी जुनी ग्लॅडिएटर विमानं, मग लवकरच स्पिटफायर. जुलै १९४० मध्ये ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल तळावर आली. जवळच पोर्टलंडचं आरमारी बंदर होतं, ते सांभाळायचं काम. तिची अक्षरं होती 'यूएम', विमानाच्या कुशीवर करड्या रंगात. दुसरी तुकडी २५३, ती हरिकेन विमानं उडवायची. ऑगस्टच्या अखेरीस ती लंडनच्या दक्षिणेला केनलीला आली. बावीस वर्षांपूर्वी ११० स्क्वाड्रननेही आपली निजामी विमानं केनलीतच घेतली होती.

१५२ मध्ये एरिक मार्स नावाचा एक पोरगा होता. पोरसवदा दिसायचा म्हणून मित्र त्याला 'बॉय' म्हणायचे. त्याने घरी लिहिलेली पत्रं पुढे छापली गेली, त्यामुळे त्या तुकडीतले दिवस आज आपल्याला कळतात. जुलै १९४१ मध्ये ब्रेस्टवर जर्मन तोफांनी त्याचं विमान पाडलं. वय वीस. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. कॉकपिटमधली इवलीशी खुर्ची रंगवताना हे डोक्यातून जात नाही.

या तुकडीचं मानचिन्ह बघितलंत तर आणखी नवल वाटेल. आरएएफच्या इतर तुकड्यांच्या चिन्हांवर वाघ, गरुड, तलवारी असतात. १५२ च्या चिन्हावर आहे निजामाची पगडी, दस्तार. आणि खाली बोधवाक्य: 'फेथफुल अलाय'.

हे दोन शब्द हवेतून आलेले नाहीत. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल १९१८ मध्ये इंग्रजांच्या राजाने निजामाला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा किताब दिला आणि 'ब्रिटिश सरकारचा फेथफुल अलाय' म्हणून मान दिला. मराठीत सांगायचं तर इमानी दोस्त.

हे आबांना सांगितलं तेव्हा ते हसले. "म्हणजे इमानासाठी इमान दिलं म्हण की."

बिल

आता हिशेब.

मे १९४० मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक ब्रिटनचे विमान उत्पादन मंत्री झाले. त्यांनी लोकांना सांगितलं, ५,००० पौंड जमवा, एक स्पिटफायर तुमच्या नावाचं. खरा खर्च याहून बराच जास्त होता, पण आकडा लक्षात राहणारा होता. गावोगावी 'स्पिटफायर फंड' निघाले. सुट्या भागांचीही किंमत लावली होती: पंख २,००० पौंडांना, एक रिव्हेट सहा पेन्सला. शाळकरी पोरगं खाऊचे सहा पेन्स देऊन म्हणू शकायचं, त्या विमानातला एक रिव्हेट माझा.

हे आपल्या पैशांत आणू. तेव्हा एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे पौंडाला सव्वातेरा रुपयांच्या वर. ५,००० पौंडांचे झाले सुमारे ६६,६६७ रुपये. पण हे झाले 'कलदार', म्हणजे इंग्रजी रुपये. हैदराबाद संस्थानाचं चलन वेगळं होतं, 'हाली शिक्का'. १०० कलदारला साधारण ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. म्हणजे एका स्पिटफायरचे जवळपास ७८ हजार हाली रुपये. आणि एका रिव्हेटचे पाच आणे चार पै, तेही कलदार.

हे पैसे आले कुठून? निजाम तेव्हा जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून गाजत होता. १९३७ मध्ये 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आला होता. तेव्हा कोणी म्हणेल, त्याने आपल्या खिशातून दिले. पण तो खिसा भरायचा कसा? संस्थानातली सुमारे ६० टक्के जमीन सरकारी, म्हणजे 'दिवाणी'. तिचा सारा खजिन्यात जायचा. उरलेली ४० टक्के जहागिरी आणि 'सर्फ-ए-खास', म्हणजे निजामाची खाजगी मिळकत. सर्फ-ए-खासचा सारा थेट निजामाकडे. म्हणजे खजिन्यातून दिले म्हणा की खिशातून, दोन्हीकडे पैसा शेतातूनच जाणार. ज्वारी, कापूस, पटवारी, गिरदावर, तहसील, मग हैदराबाद.

बरं, सारा फक्त पैशात नव्हता. दुसऱ्या महायुद्धात धान्याची लेव्ही आली. अमुक इतकं धान्य सरकारला द्यायचंच. आबांना युद्ध आठवत नाही, लेव्ही आठवते. घरातली ज्वारी पेवात लपवायची आणि पटवारी आला की लेकरांनी काही बोलायचं नाही, ही त्यांच्या लहानपणीची शिकवण.

त्या संध्याकाळी मी त्यांना ते सहा पेन्सच्या रिव्हेटचं सांगितलं. ते बराच वेळ मॉडेलचा पंख हातात धरून त्यावरच्या बारीक रेघा बघत होते. मग म्हणाले, "आमच्या बापानं सारा भरला, लेव्ही भरली. मग यातले आपले खिळे किती?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण माझी फुगलेली छाती तिथे खाली आली. कारण फरक पैशांच्या रकमेचा नव्हताच. इंग्लंडमधल्या त्या पोराने वर्गणी दिली होती. त्याला विचारलं होतं, त्याला सांगितलं होतं, आणि त्याचा रिव्हेट त्याच्या नावाचा होता. माझ्या पणजोबांनी सारा भरला. त्यांना कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही, आणि विमानावर नाव लागलं निजामाचं. हिटलर हरायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कदाचित विचारलं असतं तर पणजोबांनी चार आणे दिलेही असते. पण चांगल्या कामासाठी न विचारता घेतलेला पैसा हा घेतलेलाच पैसा असतो.

पोटाखालचा रंग

आता रंगाकडे येऊ, कारण सर्वात विचित्र गोष्ट मला रंगाच्या बाटलीत सापडली.

१९४० च्या स्पिटफायरला वरून दोन रंग: मातकट तपकिरी आणि गडद हिरवा, म्हणजे वरून बघणाऱ्याला शेतं दिसावीत. खालून एकच रंग, ज्याचं नाव 'स्काय'. नाव आकाश, पण निळा नाही. बदकाच्या अंड्यासारखा फिकट हिरवट. मेमधल्या हदगावच्या उन्हात हा रंग ब्रशवरच वाळायचा. शेवटी मी पहाटे पाचला उठून रंगवायला लागलो. रंग दुधाइतका पातळ करायचा, एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई केली की ब्रशच्या रेघा उमटतात. एकदा घाई केली, आणि सगळं पोट घासून पुन्हा रंगवावं लागलं.

दुसरा हात वाळेपर्यंत मी या रंगाची माहिती काढली. त्याच्या मुळाशी एक माणूस निघाला: सिडनी कॉटन, ऑस्ट्रेलियन वैमानिक. युद्ध सुरू व्हायच्या जरा आधी तो खाजगी विमानातून जर्मनीचे गुपचूप फोटो काढायचा. पुढे त्याने स्पिटफायरमधल्या बंदुका काढून कॅमेरे बसवले आणि हवाई हेरगिरीची पद्धतच बदलली. विमान आकाशात दिसू नये म्हणून त्याने एक फिकट हिरवा रंग तयार केला, 'कॅमोटिंट'. त्यातूनच आरएएफचा 'स्काय' आला. आणि ही कल्पना सुचली कशी, याचा किस्सा कॉटनच सांगायचा: लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचं फिकट हिरवं विमान उडालं आणि बघता बघता आकाशात दिसेनासं झालं.

इथवर ठीक. पण कॉटनचं नाव मी आधी कुठेतरी वाचलं होतं. कुठे? मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकात.

१९४८. भारत स्वतंत्र झाला होता, पण निजाम भारतात यायला तयार नव्हता. रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. भारताने संस्थानाची नाकेबंदी केली होती. तेव्हा कराचीहून रात्रीच्या अंधारात लँकेस्ट्रियन विमानं उडायची आणि बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर निजामासाठी शस्त्रं उतरवायची. ही चोरटी वाहतूक चालवणारा माणूस हाच, सिडनी कॉटन. पुढे ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि शिक्षा झाली २०० पौंड दंडाची.

म्हणजे माझ्या टेबलावर 'हैदराबाद' नावाच्या तुकडीचं विमान होतं, त्याच्या पोटाला लावलेला रंग कॉटनच्या डोक्यातून निघालेला, आणि आठ वर्षांनी हाच कॉटन त्या हैदराबादला बंदुका पुरवत होता, ज्या आमच्याच लोकांवर रोखल्या जाणार होत्या.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. भारतीय वायुसेनेच्या टेम्पेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर हल्ले केले. टेम्पेस्ट बनवलेलं हॉकर कंपनीने, जिने २५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वाड्रनची हरिकेन बनवली होती. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

आबा तेव्हा दहा वर्षांचे. रझाकारांच्या भीतीने घरच्यांनी लेकरांना पैनगंगेपलीकडं उमरखेडला पाठवलं होतं. "एकदा इमानाचा आवाज ऐकला," ते म्हणाले. "आम्ही समदे बाहेर पळालो. दिसलं नाही. नुसता आवाज." कोणाचं विमान होतं, ते त्यांना आजही माहीत नाही. परत आल्यावर गावात काय बघितलं, याबद्दल ते बोलत नाहीत. आधी रझाकारांनी जे केलं ते पाठ्यपुस्तकात आहे. नंतर मुसलमानांवर जे झालं ते नाही. सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांमध्ये नांदेडचं नाव आहे. मी विचारलं, तेव्हा आबा "जाऊ दे" म्हणून पाणी प्यायला उठले.

नाव काय टाकायचं?

शेवटी डिकल. हे पातळ कागदावर छापलेले स्टिकर, कोमट पाण्यात भिजवायचे आणि ब्रशने हळूच सरकवत जागेवर न्यायचे. गोल चिन्हं बसली. 'यूएम' ही अक्षरं माझ्या खोक्यात नव्हती, ती मास्किंग टेप कापून हाताने रंगवली. 'यू' जरा वाकडा झालाय. जवळून बघू नका.

वर्गणीच्या स्पिटफायरवर कॉकपिटच्या पुढे पिवळ्या अक्षरांत देणाऱ्याचं नाव असायचं. माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं की तिथे देवनागरीत 'हदगाव' लिहायचं. बारीक ब्रशही आणून ठेवला होता. इतिहासात बसत नाही, पण मॉडेल माझं आहे.

आबांना विचारलं. म्हटलं, आपले खिळे आहेत ना यात?

ते म्हणाले, "खिळे हायत. नाव नव्हतं. जे नव्हतं ते कशाला लिहितोस?"

मग नाही लिहिलं. एवढ्या वर्षांनी पिवळ्या रंगाने नाव लिहिलं की जणू काही आपल्याला विचारलंच होतं असं वाटेल. कोरी जागा जास्त खरी आहे.

लाकडी पाट तासून स्टँड केला आणि त्याच्या तळाला, जिथे उचलून बघितल्याशिवाय दिसत नाही, एक चिठ्ठी चिकटवली: 'स्पिटफायर, १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन, वॉर्मवेल, १९४०. देणगी: निजाम. पैसे: संस्थानची रयत.' एवढंच.

जूनमध्ये मी पुण्याला परतलो. मॉडेल सोबत न्यायचं होतं, पण आबांनी ते टीव्हीच्या कपाटात, देवांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवून दिलंय. परवा आईचा फोन आला होता. शेजारचे एक काका आले होते, त्यांनी विचारलं हे काय आहे. आबांनी स्टँड उचलला, उलटा केला, चष्मा लावून चिठ्ठी वाचून दाखवली आणि म्हणाले, "निजामाचं इमान हाय. पैसे आपले."